वेलक्रोच्या पट्टीने केला घोळ: मेटल डिटेक्टरचे आठ महिने

सर्व्हिसवाल्याने मेटल डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू शोधणारी चकती, बदलायचे 6,800 रुपये सांगितले, त्या दिवशी ठरवलं की हे लिहायचंच. मशीन साडेएकवीस हजारांचं, घेऊन आठ महिने झाले. फ्रिक्वेन्सी, वजन वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देतो.

दांडा फिरवला की मशीन विनाकारण ओरडायचं. "आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही," असं उत्तर मिळालं. पाण्यात मी ते एकदाही घातलेलं नाही. मुलुंडहून तीन खेपा झाल्या, दर वेळी "पुढच्या आठवड्यात या". शेवटी पैसे न भरता मशीन परत आणलं. घरी कॉइल टेबलावर ठेवली आणि केबलला नुसतं बोट लावलं. टीं! केबल दांड्याला घट्ट गुंडाळलेली नसली की कॉइलजवळचा सैल वळसा हलतो आणि मशीनला तिथे धातू असल्याचा भास होतो. ती धरून ठेवणारी वेलक्रोची पट्टी दुसऱ्याच महिन्यात सुटली होती. चाळीस रुपयांची नवी लावली, ओरडणं थांबलं. एवढ्या किमतीच्या वस्तूत कंपनीने पट्टीत काटकसर करावी, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मशीन घेतलं ते जुने लष्करी तळ शोधायला. मुंबईत आणि आसपास जुने तळ उरलेत ते नावांत. मरीन लाइन्स हे नाव मरीन बटालियनच्या लाइन्सवरून, म्हणजे बराकींवरून आलं. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली ट्रान्झिट छावणी, तिथे पत्ता सांगताना आजही कॅम्प नंबर सांगतात. पण त्या जमिनीवर आता वस्ती आहे, म्हणून मी बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीकडे वळलो.

नोव्हेंबर 1778 मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज पनवेलवरून बोरघाट चढली आणि तळेगावला पोचली ती 9 जानेवारी 1779 ला. एवढ्याशा अंतराला दीड महिना! पुढे वडगावला काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. माझ्या कामाचं ते रखडणं. फौज जितकी रेंगाळते तितके मुक्काम वाढतात, आणि मुक्कामावर वस्तू हरवतात. तोफा आणि हजारो बैल घेऊन चाललेले लोक पाण्यावाचून राहू शकत नाहीत. म्हणून जुन्या टोपोशीटवर, म्हणजे चढउतार आणि ओढे दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, बारमाही ओढा, सपाट माळ आणि घाटाची जुनी वाट जिथे जवळ येतात तिथे मी खूण करतो. मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतो, "पडाव कुठल्या शेताला म्हणतात?" असं एक शेत मित्राच्या मामांचंच निघालं. त्यांनी खुशीने परवानगी दिली.

पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की हे मशीन आपल्या मातीत कुचकामी आहे. ते मत आता मागे घेतो. निम्मा दोष त्या पट्टीचा होता, उरलेला बेसाल्टचा. या दगडात लोहखनिज असतं, त्यानेही मशीन वाजतं. धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स साधायचा, म्हणजे मशीनला मातीकडे दुर्लक्ष करायला शिकवायचं, आणि सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली ठेवायची, की ते शहाण्यासारखं वागतं. लोखंडाचे आवाज वगळायची सेटिंग मात्र बंद ठेवा. तळावर लोखंडच तर बोलतं! मला वीतभर खोलीवर बैलाचा नाल मिळाला. पानासारखी पातळ पट्टी, एका कडेला खिळ्यांची भोकं. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला असे दोन तुकडे लागतात. अर्थात नाल मामांच्या आजोबांच्या बैलाचाही असू शकतो.

मार्चमध्ये मात्र शिशाची गोळी सापडली. वर पांढुरकी साय, व्यास 17 मिलिमीटर, वजन 31 ग्रॅम, म्हणजे त्या काळच्या इंग्रजी बंदुकीच्या गोळीचं माप. मामांनी ती तळहातावर घेतली आणि विचारलं, "हिनं कुणाला मारलं असेल का रे?" मी म्हटलं, नाही मामा, ही गोल आहे. झाडलेली गोळी आदळली की चेपते. ही कुणाच्या तरी हातातून पडली असणार. नंतर बराच वेळ ते ओढ्याकडे बघत बसले होते.

1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह (गुप्तधन) कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू कलेक्टरला कळवावी लागते. आम्ही फोटो आणि नेमकी जागा लिहून अर्ज दिला, पोच जपून ठेवली आहे. संरक्षित किल्ल्यांवर मशीन घेऊन जाऊच नका. काडतूस किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

आता भात कापल्यावरच पुन्हा जाईन. मामांनी ओढ्यापलीकडचा तुकडाही दाखवलाय. पट्ट्या मी तीन आणून ठेवल्या आहेत.