ई-इनव्हॉइसचं सॉफ्टवेअर : दहा महिने वापरल्यावर

आमचं कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत मशीनिंगचं छोटं युनिट आहे. ट्रॅक्टरची ट्रान्समिशन हाउसिंग आणि थोडे पंपाचे पार्ट. कारखाना भावजी बघतात, ऑफिस माझ्याकडं. २०२४-२५ला उलाढाल ५ कोटींवर गेली आणि १ एप्रिल २०२५पासून आम्ही ई-इनव्हॉइसमध्ये आलो, म्हणजे पार्टीला द्यायचं बिल आधी सरकारच्या जीएसटी पोर्टलवर नोंदवायचं. २०२० साली हे ५०० कोटींच्या वरच्यांसाठी सुरू झालं होतं, उतरत उतरत ऑगस्ट २०२३मध्ये ५ कोटींवर आलं. एकदा आत गेलं की पुढं धंदा बसला तरी सुटका नाही. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली कुरकुर बरीच आहे.

त्याआधी पंधरा वर्षं आमच्याकडं इथल्याच एका प्रोग्रॅमरनी लिहून दिलेला प्रोग्रॅम होता. काही अडलं की ते गाडीवरून यायचे, चहा व्हायचा, दुरुस्ती व्हायची. बिल छापलं, सही-शिक्का मारला, विषय संपला. आता बिलाची माहिती जेसन फाइलमधून पोर्टलवर जाते, तिथं तपासली जाते, ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी नंबर) आणि क्यूआर कोड परत येतो, मग ते बिल. त्याशिवायचा कागद पार्टीचं स्टोअर हातात घेत नाही, त्यांचं कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, अडकतं ना. प्रोग्रॅमर म्हणाले, "वहिनी, मी एक्सेल काढून देतो, तुम्ही पोर्टलवर चढवत जा." दिवसाला दोन बिलं असती तर खरंच तेच केलं असतं, सरकारी टूल फुकट आहे. पण आमची आठ-दहा होतात आणि सगळी दुपारी चारनंतर. थेट जोडणीसाठी मध्ये जीएसटी सुविधा पुरवठादार, म्हणजे पोर्टलशी जोडून देणारी कंपनी, लागतो; तो खर्च आणि रोजची देखभाल त्यांना एकट्याला झेपणारी नव्हती. म्हणून वर्षाच्या वर्गणीचं हे सॉफ्टवेअर घेतलं.

सगळं सुरळीत असेल तेव्हा झकास चालतं. एक बटण, पाच-सात सेकंद, क्यूआरसकट प्रिंट. गाडी नंबर टाकला असेल तर ई-वे बिलही (माल वाहतुकीचा कागद) त्याच झटक्यात. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रामध्ये बिलं आपोआप जाऊन बसतात, त्यामुळं महिनाअखेरीला सीएंचे फोन निम्म्यावर आलेत.

पण डेमोत हेच दाखवतात. बिल परत आल्यावर काय होतं, ते कुणी दाखवत नाही.

पहिल्याच दिवशी बिल अडलं, कारण आमची सिरीज ०००१पासून. बिल नंबरची सुरुवात शून्यानं चालत नाही. पाच मिनिटांचं काम होतं, पण ते कळायला दीड तास गेला.

खरी गंमत त्यानंतरच्या शनिवारी. संध्याकाळचे सहा, टेंपो भरून उभा, ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी दारात, "वहिनी, निघू का?" स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ : खरेदीदाराचा पिन कोड त्याच्या राज्यात बसत नाही. मी पिन चार वेळा तपासला, बरोबर होता. हेल्पलाइन बंद. शेवटी उलगडलं. पार्टी बेळगावची, जीएसटी नंबर २९नं, म्हणजे कर्नाटकच्या कोडनं सुरू होणारा. माल मात्र त्यांच्या जॉबवर्करकडं कागलला उतरतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये पत्त्याचा रकाना एकच, त्यामुळं पार्टी मास्टरमध्ये (पार्ट्यांच्या यादीत) कागलचा ४१६२१६ आला होता. राज्य कर्नाटक, पिन महाराष्ट्राचा. बिल बेळगावच्या पत्त्यावर, डिलिव्हरी कागलच्या पत्त्यावर असे वेगळे टाकले की लगेच पास. (टेंपो सीमेवरचा कोगनोळी नाकाही ओलांडत नाही, तरी बिल कर्नाटकच्या पार्टीचं म्हणून टॅक्स आयजीएसटी, दोन राज्यांमधल्या विक्रीचा. हे ड्रायव्हरला समजावायचा प्रयत्न मी केला नाही.) दोन पत्त्यांची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, तिसऱ्या टॅबखाली लपलेली. पार्टी भरतानाच हे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून ओरडायला काय हरकत होती? जुलैच्या अपडेटनंतर तो रकाना लाल होतो. उशिरा का होईना.

चूक सुधारायचंही तंत्र आहे. २४ तासांत आयआरएन रद्द करता येतो, पण ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि तो बिल नंबर मग कायमचा गेला. मी एकदा २०४च्या जागी २४० नग टाकले आणि ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. मग क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद), तिलाही आयआरएन. घड्याळात किती तास उरलेत ते हे सॉफ्टवेअर बिलासमोर दाखवतं, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. ट्रॅक्टरच्या पार्टचा दर १८वरून ५ टक्के झाला, पंपाचे १८लाच राहिले. अपडेट आदल्या रात्री आलं होतं, सकाळचं पहिलं बिल बिनबोभाट गेलं. मी खूश. आठवड्यानं ऑगस्टच्या बिलातला माल रिजेक्ट होऊन आला, तर क्रेडिट नोटवर ५ टक्के! मूळ बिल १८चं, नोटही १८चीच हवी. आयटमचा दर तारखेनुसार न ठेवता सरळ पुसून नवा टाकलेला. हे पोर्टलनं पकडलं नसतं, माझ्या नजरेत आलं म्हणून. तक्रारीनंतर नऊ दिवसांनी दुरुस्त झालं, तोवर दर हातानं.

घेणार असाल तर डेमोला आपल्या सर्वांत वेड्यावाकड्या पार्टीचं बिल करायला लावा, जुन्या तारखेची क्रेडिट नोट काढायला लावा, आणि शनिवारी संध्याकाळी फोन कोण उचलतं ते विचारा. प्रिंटचे बारा नमुने बघत बसू नका.

आमचे जुने प्रोग्रॅमर आता याच सॉफ्टवेअरचे डीलर आहेत. गाडीवरूनच येतात, पण कोड कंपनीकडं असतो, त्यामुळं चहा पिऊन तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, देऊन जातात. ३१ मार्चला वर्गणी संपते. तीन वर्षांची सवलत देतायत, मी एकाच वर्षाचं करणार आहे. सगळ्या बिलांच्या सही झालेल्या जेसन फाइली एकगठ्ठा काढून द्या म्हटलंय, आत्ता एकेक करून निघतात. त्याचंही तिकीट पडलंय.