आरडीची इंटर्नशिप: सरकारी रुग्णालय की कॉर्पोरेट?

भाचीचं डायटेटिक्समधलं एमएस्सी झालं. इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) नोंदणीसाठी सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. ती कुठे करावी, यावर घरात खल चालू आहे.

रुग्णांच्या बाबतीत सरकारी रुग्णालयाला तोड नाही. मधुमेह, किडनी, क्षयरोग, कुपोषित बाळं, भाजलेले रुग्ण, सगळं एकाच इमारतीत. शिवाय रोजंदारीवरच्या माणसाला ‘पनीर खा’ सांगून चालत नाही. डाळ, शेंगदाणे, अंडं यांतच प्रथिनांचा हिशोब बसवावा लागतो, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. कॉर्पोरेटमध्ये गर्दी कमी, पण आयसीयू, प्रत्यारोपणाचे रुग्ण आणि नळीवाटे आहार बारकाईने शिकता येतो.

देखरेख? सरकारीत वरिष्ठ मोजक्याच, कामाच्या ओझ्याखाली. शंका विचारायला त्यांच्या मागे फिरावं लागतं. कॉर्पोरेटमध्ये आहारतक्ता सहसा वरिष्ठांच्या नजरेखालून जातो. मात्र काही ठिकाणी इंटर्न म्हणजे ट्रे तपासायला मिळालेली फुकटची माणसं! वॉर्डात किती दिवस आणि किचनमध्ये किती, हे आधीच विचारा.

स्टायपेंडची आशा दोन्हीकडे बेताचीच ठेवा. काही खासगी ठिकाणी उलट फी द्यावी लागते, वर शहरातलं खोलीभाडं.

प्रवेशाआधी तिथली इंटर्नशिप नोंदणीसाठी चालते का, याची खात्री असोसिएशनकडूनच करा.

आयसीयूतली नोकरी डोळ्यांपुढे असेल तर कॉर्पोरेट. सार्वजनिक आरोग्यात किंवा तालुक्याच्या गावी स्वतःचं क्लिनिक काढायचं असेल तर सरकारी. भाचीला क्लिनिकच काढायचंय, म्हणून मी सरकारीच सुचवलं.