फेमाची सुरक्षा ग्रांट: रक्कम घसघशीत, पण आधी पदरचे पैसे

अमेरिकेतल्या मंदिराला कॅमेरे, कुंपण, मजबूत दरवाजे यांसाठी सरकारी पैसा हवा असेल, तर फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रांट प्रोग्रॅम (ना-नफा संस्थांसाठीचं सुरक्षा अनुदान) बघावा. २०२४ च्या फेरीत एका जागेला २ लाख डॉलरपर्यंत आणि तीन जागा मिळून ६ लाखांपर्यंत मागता येत होते. २०२३ मध्ये हीच मर्यादा जागेमागे दीड लाख होती. संस्थेने स्वतःचा हिस्सा घालायची अट नाही. आकडे आणि अटी दर फेरीला बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा अर्ज तारीख बदलून पाठवू नये.

आधी पात्रतेचं बघू. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था, हवी आणि अर्ज करतानाच ती त्या जागेत नांदत असायला हवी. बांधकाम चालू असलेलं नवं मंदिर चालत नाही, पोस्ट बॉक्सचा पत्ता तर नाहीच. शाळेचा हॉल दोन दिवस भाड्याने घेऊन गणपती बसवणाऱ्या मंडळाला इथे फारसं काही नाही, कारण हा पैसा इमारत पक्की करण्यासाठी आहे. शिवाय २०२४ च्या नियमांत, अर्ज तपासून राज्याने दिलेल्या गुणांना धार्मिक संस्थांसाठी ४ ने, शैक्षणिक आणि वैद्यकीय संस्थांसाठी ३ ने आणि बाकीच्यांसाठी २ ने गुणलं जात होतं. म्हणजे सारख्याच गुणांचा अर्ज असला तरी मंदिर पुढे आणि सांस्कृतिक मंडळ मागे. पहिल्यांदाच पैसे मिळणाऱ्या संस्थेला १५ जादा गुण होते, हे मात्र नव्या लोकांच्या पथ्यावर पडतं.

अर्ज फेमाकडे थेट जात नाही. तो आपल्या राज्याच्या एसएए या, अशी अनुदानं हाताळणाऱ्या कार्यालयाकडे जातो आणि राज्य सगळे अर्ज क्रम लावून पुढे पाठवतं. फेमाच्या नोटिशीतली तारीख राज्यांसाठी असते. संस्थांची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते, आणि चांगले तयार अर्ज इथेच हुकतात. अर्जात लागणारा यूईआय, म्हणजे संस्थेचा १२ अक्षरी ओळख क्रमांक, सॅम (sam.gov) या सरकारी साइटवर फुकट मिळतो. तो काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या ईमेल्स सरळ डिलीट करा. राज्यामार्फत अर्ज करणाऱ्याला तिथली पूर्ण नोंदणी लागत नाही, नुसता क्रमांक पुरतो.

खरा कस लागतो तो खर्च का हवा हे पटवून द्यायच्या इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन नावाच्या फॉर्ममध्ये, आणि त्याच्यासोबत द्यायच्या व्हल्नरेबिलिटी असेसमेंटमध्ये, म्हणजे इमारतीच्या सुरक्षेतल्या उणिवांच्या पाहणीत. ही पाहणी सिसा (CISA) या केंद्रीय सुरक्षा संस्थेचे सल्लागार फुकट करून देतात, पण फेरी जाहीर झाल्यावर त्यांच्याकडे रांग लागते, म्हणून आधीच वेळ घ्यावी. खासगी सल्लागाराकडून पाहणी करून घेतली किंवा फॉर्म लिहून घेतला, तर ती फी ग्रांटमधून वसूल होत नाही.

फॉर्म लिहिताना बहुतेक समित्या यादी देतात: १२ कॅमेरे, २ दरवाजे, दिवे. परीक्षक मात्र धोका, उणीव आणि वस्तू ही साखळी शोधत असतो. ‘मंदिराला कॅमेऱ्यांची गरज आहे’ या वाक्याला गुण मिळणं कठीण. त्याऐवजी असं लिहा: आरतीच्या वेळी चपलांच्या रॅकजवळचा मागचा दरवाजा खुर्ची लावून उघडा ठेवला जातो, तो पार्किंगच्या अंधाऱ्या बाजूला उघडतो, आतून तिकडे कुणाचंच लक्ष नसतं, पाहणी अहवालात हे अमुक पानावर नोंदलं आहे, म्हणून तिथे कार्डवर उघडणारं कुलूप, एक कॅमेरा आणि एक दिवा. प्रत्येक वस्तूपुढे फेमाच्या उपकरण यादीतला क्रमांक हवा: कॅमेऱ्यांना १४एसडब्ल्यू-०१-व्हीआयडीए, प्रवेश नियंत्रणाला १४एसडब्ल्यू-०१-पीएसीएस, दिव्यांना १४एसडब्ल्यू-०१-एलआयटीई. अहवालात नसलेली वस्तू बजेटमध्ये आली की परीक्षकाच्या भुवया उंचावतात. धोक्याच्या रकान्यात बातम्यांचा ढीग ओतू नका. आपल्या जागेला आलेल्या धमक्या, विद्रूप केलेल्या भिंती, पोलिसांतल्या तक्रारींचे क्रमांक आणि तारखा द्या.

काय चालत नाही तेही बघा. शस्त्रं आणि त्यांचं प्रशिक्षण, नंबर प्लेट वाचणारे किंवा चेहरे ओळखणारे कॅमेरे, अग्निशमन दलासाठीची किल्लीपेटी, संस्थेचा रोजचा खर्च: सगळं बाद. कंत्राटी रखवालदार चालतात, पण त्यांच्यासाठी साहित्य घेता येत नाही.

कॅमेऱ्यांच्या खरेदीत एक खड्डा आहे. सेक्शन ८८९ या कायद्यातल्या कलमानुसार हिकव्हिजन आणि दाहुआ या चिनी कंपन्यांचे कॅमेरे सरकारी पैशातून घेता येत नाहीत. हाच माल दुसऱ्या ब्रँडच्या नावानेही विकला जातो, त्यामुळे इन्स्टॉलरकडून मूळ उत्पादकाचं नाव लेखी घ्या. नुसतं ‘नियमात बसतं’ एवढं कोटेशनवर लिहून भागत नाही.

मंजुरीचं पत्र आलं की ड्रिल मशीन काढायचं नाही. आधी पर्यावरण आणि वारसा तपासणी, म्हणजे ईएचपी, पूर्ण व्हावी लागते. भिंतीला भोक, जमिनीत खांब, जुनी इमारत, सगळं त्यात येतं. परवानगीआधी काम सुरू केलं तर तो खर्च गेला. उत्साही स्वयंसेवकांना हे समितीच्या बैठकीतच बजावून सांगावं, कारण रविवारी येऊन कॅमेरा लावून जाणारा एखादा तरी असतोच.

आता माझी मुख्य तक्रार. बहुतेक राज्यांत हा पैसा परतफेडीने मिळतो. दीड लाखाचं काम म्हणजे आधी दीड लाख संस्थेच्या खात्यातून जाणार. मग बिलं, चेकच्या प्रती आणि कामाचे फोटो पाठवायचे आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. लहान मंदिराचा गल्ला एवढा ताण सोसत नाही. यावर उपाय म्हणजे कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचं बिल वेगळं लावणं. बजेटच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम व्यवस्थापनासाठी मागता येते. ती मागाच, हिशेब ठेवणाऱ्याला द्यायला उपयोगी पडते.

स्वतःची इमारत, चोख खजिनदार आणि वर्षभराची सबुरी असेल तर या ग्रांटला पाचपैकी चार. इमारत आहे पण शिल्लक नाही अशा मंदिराने बँकेकडून कर्जाची सोय होते का ते आधी विचारावं, फॉर्म नंतर उघडावा.