सिव्हिल एअर पेट्रोल की कोस्ट गार्ड ऑक्झिलरी?

अमेरिकेत वैमानिकाचा परवाना हातात आहे, आपत्तीत उपयोगी पडायचं आहे, पण कुठे नाव नोंदवावं कळत नाही, असं एकाने विचारलं. पगार दोन्हीकडे नाही, वार्षिक वर्गणी मात्र आहे.

खरा फरक विमानाचा. १९४१ साली सुरू झालेल्या सिव्हिल एअर पेट्रोलकडे (ही हवाई दलाची पूरक संघटना, पुढे नुसतं ‘पेट्रोल’) स्वतःची सेसना १७२ आणि १८२ विमानं आहेत. हवाई दलाने सोपवलेल्या कामगिरीचं इंधन तुमच्या खिशातून जात नाही. सराव टिकवण्यासाठी केलेल्या उड्डाणाचं बहुधा जातं. १९३९ च्या कोस्ट गार्ड ऑक्झिलरीत (ही तटरक्षक दलाची पूरक संघटना) सभासद साधारणपणे आपलीच विमानं आणतात. आदेशावरच्या उड्डाणाचं इंधन मिळतं, पण हँगरचं भाडं आणि रोजची देखभाल तुमचीच. विमान नसेल तर सहवैमानिक किंवा निरीक्षक म्हणून जागा मिळू शकते, तीही जवळपास कुणाचं विमान असेल तरच.

कामही वेगळं. पेट्रोल जमिनीवर हरवलेली विमानं शोधतं, पूर-वादळानंतर नुकसानीचे हवाई फोटो काढतं. ऑक्झिलरी किनाऱ्यावर गस्त घालते. म्हणजे पाण्यात पडल्यावर बाहेर कसं यायचं, याचंही प्रशिक्षण. पोहण्याची भीती असेल तर विषय इथेच संपला!

कागदपत्रं आणि चाचण्या दोन्हीकडे भरपूर.

विमान नाही, किंवा बारा वर्षांवरच्या मुलालाही कॅडेट म्हणून सोबत न्यायचं आहे: पेट्रोल. स्वतःचं विमान आहे आणि किनाऱ्याजवळ राहता: ऑक्झिलरी.