केलॉग फाउंडेशन, बॅटल क्रीक: आमच्या गावातली संस्था

कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉग यांनी 1930 मध्ये काढलेली ही संस्था. मुख्यालय इथेच, मिशिगनमधल्या आमच्या गावात. पैसा मुलांसाठी, रोजगारासाठी, वंशसमानतेसाठी. 2020 मध्ये 'रेशियल इक्विटी 2030' या स्पर्धेसाठी त्यांनी 9 कोटी डॉलर जाहीर केले. मला मात्र त्यांचा जानेवारीतला मंगळवार जास्त मोलाचा वाटतो. 2017 पासून, मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या दुसऱ्या दिवशी, वंशभेदाच्या जखमांवर बोलायला माणसं गोलात बसतात. यंदा शेजारच्या कृष्णवर्णीय आजींनी, बँकेनं त्यांना घरकर्ज कसं नाकारलं ते सांगितलं. बारा वर्षांच्या शेजारात हे मी कधी विचारलंच नव्हतं! मग मीही आमच्या साताऱ्याकडच्या गावातल्या वेगळ्या पाणवठ्याबद्दल बोलले. आजींनी माझा हात घट्ट धरला. पुढच्या वर्षी लेकीलाही नेणार.