बंबासाठी बाभूळ घ्यावी की सुबाभूळ?

धाकट्या जावेने काल विचारलं, ताई, पाऊस उघडलाय, दिवाळीच्या आत बंबाचं जळण भरायचंय, बाभूळ घेऊ का सुबाभूळ? आमच्याकडे दोन्ही जाळून झालंय म्हणून सांगते.

पैशाचं आधी. वखारीत बाभूळ महाग पडते, पण लाकूड वजनावर मिळतं आणि कोरडं असेल तर कुठलंही लाकूड किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतं, त्यामुळे खरा तोटा ओल्या लाकडात आहे! १०० किलोत ४० किलो पाणीच असेल तर आपण पाण्याचे पैसे मोजतो, वर धूर डोळ्यात. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघ, ठणठण वाजल्या आणि टोकाला भेगा दिसल्या तर कोरडं, भद्द आवाज आला तर परत टाक.

टिकायला बाभूळच. निखारा धरून ठेवते, सकाळी सहाला पेटवला तर शेवटच्या माणसाच्या आंघोळीपर्यंत पाणी कढत असतं. सुबाभूळ पटकन पेटते आणि पटकन संपते, सारखं घालत बसावं लागतं.

मेहनत मात्र बाभळीला जास्त, फोडायला कठीण, काटे वेगळे, वाळायलाही वेळ घेते. सुबाभूळ कुऱ्हाडीच्या एका घावात फुटते. साठवण दोन्हीची सारखीच, खाली विटा, वर पत्रा, बाजू उघड्या.

घरात सहा-सात माणसं असतील आणि फोडून देणारं कोणी असेल तर बाभूळ घे. तुम्ही दोघंच असाल, पाणी एकदाच तापवायचं असेल तर सुबाभूळ पुरे.