गोव्यात ‘लाइव्ह म्युझिक’च्या नावाखाली आम्हाला ४३,३२८ रुपयांना गंडवलं

आकडा आधीच सांगते, म्हणजे ‘थोडक्यात सुटलात’ असं कुणी म्हणणार नाही. बिल ४३,३२८ रुपये. त्याआधी धक्क्याजवळ दिलेले आगाऊ २,०००, जे बिलातून वळते केलेच नाहीत. रात्री परत यायच्या टॅक्सीचे २,२००. एकूण ४७,५२८. माणसं चार, संध्याकाळ एक, आणि ज्या गाण्यासाठी गेलो ते कानावर पडलंच नाही.

आता ‘दारू प्यायला गेलात ना, मग असंच होणार’ असा सूर लागायच्या आत स्पष्ट करते. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, माझे दीर आणि जाऊबाई. सगळी पन्नाशीच्या आसपासची. जाऊबाई नि मी दारूला शिवत नाही. दीर दोन पेग घेतात, ह्यांची मजल बिअरच्या पुढे जात नाही. गोवा आम्हाला नवा नाही, सांगलीहून निघालं की घाट उतरला की आलाच. आणि आमचा मुक्काम पणजीत होता, बागा किनाऱ्याच्या गर्दीत नव्हता. मुद्दाम पणजीत, कारण मला मांडो, म्हणजे गोव्यातला जुना कोकणी गाण्याचा प्रकार, ऐकायचा होता. संथ चालीचा मांडो, त्यामागून येणारं उडत्या चालीचं दुलपद, साथीला व्हायोलिन आणि घुमट, म्हणजे कातडं लावलेलं मातीचं वाद्य. घुमटाला २०१९ मध्ये गोवा सरकारने राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून मान दिला, तेव्हापासून ते समोर बसून ऐकायचं माझ्या डोक्यात होतं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत, आता त्याला बंदी आहे, बकरीचं लावतात. एवढी माहिती काढून गेलेली बाई मी. ‘अडाणी होता म्हणून फसलात’ हेही कुणी म्हणू नये.

संध्याकाळी मांडवीच्या कडेने, कॅसिनोच्या बोटी लागतात त्या बाजूला फिरत होतो. तिथे गळ्यात ओळखपत्र आणि हातात लॅमिनेट केलेली कार्डं घेतलेला एक जण आला. कॅसिनोवाले दलाल असतात ते कळतात, त्यांना आम्ही हात हलवूनच घालवतो. हा तसा नव्हता. आमचं बोलणं ऐकून त्याने थेट मराठीत सुरुवात केली. “ताई, गाणं ऐकायचंय का? मी सावंतवाडीचा, आपलाच माणूस.” कार्डावर व्हायोलिन वाजवणाऱ्याचा फोटो, खाली ‘फादो, मांडो, गोवन डिनर’ (फादो म्हणजे पोर्तुगीज गाण्याचा प्रकार). जोडप्याला २,५००, जेवण आणि ड्रिंक्स धरून. चौघांचे ५,०००. मी विचारलं, पणजीतच कुठे नाही का? तर म्हणे, “आज इथे काही नाही ताई, सगळं बंद. नदीपलीकडे बार्देशात चांगला कार्यक्रम आहे. गाडी आमची, जायचे पैसे नाहीत.”

फुकट गाडी. हे दोन शब्द ऐकले की पाठ फिरवून चालायला लागा. गोव्यात टॅक्सीचं भाडं काय असतं ते ठाऊक असूनही आम्ही चौघं त्या गाडीत बसलो, कारण जाऊबाईंचे पाय दुखत होते आणि माणूस मराठी बोलत होता. मी त्याला विचारलंही होतं, “घुमट असेल ना साथीला?” तो म्हणाला, “हो हो ताई, घुमट, डीजे, सगळं.” मांडोबरोबर डीजे! दीर हसले, मीही हसले. त्या हसण्याचा हिशोब अजून डोक्यातून जात नाही.

२,००० आगाऊ यूपीआयने दिले. स्कॅन केल्यावर जे नाव आलं ते कुठल्या हॉटेलचं नव्हतं, एका माणसाचं होतं. तुम्हाला कुठेही ‘धंद्याच्या’ पैशांसाठी खासगी नावाचा क्यूआर दाखवला, तर तिथेच थांबा.

जागा रस्त्यापासून आत, पहिल्या मजल्यावर. दारात दरपत्रक नाही. मनगटावर कागदी पट्ट्या बांधल्या, आम्हा दोघींना पिवळ्या, पुरुषांना लाल. रंग वेगळे का, ते बिल आल्यावर कळलं: पिवळी म्हणजे ‘पॅकेज’, लाल म्हणजे ‘आ-ला-कार्ट’, प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे. मेनूकार्डात पदार्थ होते, दर नव्हते. विचारलं तर वेटर म्हणाला, “मॅडम, तुमचं तर पॅकेज आहे ना.”

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी रात्री झोपेतून उठून मी स्वतःशीच भांडते. आमच्या टेबलापासून चार हातांवर स्टेज होतं. स्टेजवर एक कीबोर्ड, त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतकी धूळ. त्याची वायर गुंडाळून, रबरबँड लावून स्टँडच्या पायाशी ठेवलेली. माइकचा स्टँड होता, माइक नव्हता. व्हायोलिन, घुमट, गिटार, काहीच नव्हतं, आणि वाजवणाऱ्याला बसायला साधी खुर्चीसुद्धा नव्हती. मी हे सगळं नीट पाहिलं. आमच्या घरी भजनी मंडळ बसतं, वाजवणारे यायच्या आधी जागा कशी दिसते ते मला ठाऊक आहे. वायरला रबरबँड लावलेल्या कीबोर्डवर त्या रात्री कुणी वाजवणार नव्हतं, आणि हे मला बसल्या क्षणी कळलं होतं. तेव्हाच उठायला हवं होतं. पण समोर दोन मोठ्या बशा येऊन बसल्या होत्या, ‘वेलकम प्लॅटर’ म्हणून. जाऊबाईंनी एक घास घेतला होता. उष्टं टाकून उठायचं कसं? आपल्याकडची ही भीड या लोकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. ताट मागण्याआधी समोर येतं ते त्यासाठीच.

प्लॅटरमध्ये काय, तर रबरासारखी माकुलाची (स्क्विडची) चकती आणि चव नसलेल्या माशाचे तुकडे. गोव्यात बसून! आदल्या दुपारी पणजीत साध्या खानावळीत तिसऱ्या (शिंपल्या), रवा लावलेला बांगडा, सोलकढी असं पोटभर जेवलो होतो.

दहाच्या सुमारास एक पोरगा आला, लॅपटॉपला माइक जोडला आणि ट्रॅकवर दोन हिंदी गाणी म्हणून गेला. तोच ‘आर्टिस्ट’.

बिल जसं होतं तसं देते, कारण ते त्यांनी परत ओढून घेतलं तरी जाऊबाईंनी टेबलाखालून फोटो काढला होता. सीफूड प्लॅटर दोन, ४,८०० प्रमाणे ९,६००. व्हिस्की सहा लार्ज, १,९०० प्रमाणे ११,४०० (दिरांनी दोन घेतले, ह्यांनी एक बळंच घेतला, बाकीचे तीन कुणी प्यायले ते देव जाणे). मॉकटेल पाच, ४,७५०. पाण्याच्या बाटल्या सहा, २,१००. आर्टिस्ट चार्ज माणशी १,५००, म्हणजे ६,०००. झाले ३३,८५०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ३,३८५ आणि १८ टक्के ‘टॅक्स’ ६,०९३. पॅकेजचं काय झालं विचारलं, तर ते फक्त पिवळ्या पट्टीला, आणि त्यातही ‘फक्त व्हेज स्टार्टर’.

या बिलात खोट किती, ते मागाहून बसून काढलं. दारूवर जीएसटी लागतच नाही, तिच्यावर राज्याचा वेगळा कर असतो. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के. १८ टक्के लागतो तो बड्या हॉटेलांच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये, आणि ही जागा म्हणजे दुकानावरचा माळा. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलंय. पाण्याचं मात्र भांडू नका. रेस्टॉरंटवाला बाटली एमआरपीच्या वर विकू शकतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच तसं म्हटलंय. ३५० रुपयांचं पाणी कायद्यात बसतं म्हणे. बसू दे.

आम्ही भांडलो नाही असं नाही. ह्यांनी मॅनेजरला बोलवा म्हटलं. आले ते दोघं बाउन्सर. अंगाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. एक जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला, दुसरा आमच्या टेबलाला टेकून मोबाइल बघत राहिला. “काका, बिल झालं की गाडी लावतो.” जाऊबाईंना बीपी आहे, त्यांचे हात थरथरायला लागले. मग दिला पैसा: ह्यांच्या कार्डावरून २०,०००, दिरांच्या यूपीआयवरून १५,३२८, आणि आम्हा दोघींच्या पर्समधले मिळून रोख ८,०००. कार्डाच्या स्लिपवर त्या जागेचं नाव नव्हतं, कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चं होतं. आणि खाली आलो तर फुकटची गाडी गायब. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक. कोपऱ्यावर उभ्या टॅक्सीवाल्याने २,२०० सांगितले, घासाघीस न करता दिले.

खरा संताप इथून पुढे आहे.

त्याच रात्री नदीपलीकडच्या ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदाराने पाणी विचारलं, बसायला सांगितलं आणि अर्ध्या तासाने म्हणाला, “तुम्हाला माणूस भेटला कुठे? पणजीला ना? मग तक्रार तिकडे.” सकाळी पणजीतल्या ठाण्यात, तर “घटना कुठे घडली? बार्देशात ना? मग तिकडे.” मी म्हटलं, कुठल्याही ठाण्यात नोंद करता येते, झिरो एफआयआर, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चूक मीच केली आहे. “मॅडम, मेनू बघितलात, ऑर्डर दिलीत, पिन तुम्हीच टाकलात. हा बिलाचा वाद, सिव्हिल मॅटर.” दारात माणूस उभा करून घेतलेले पैसे म्हणजे बिलाचा वाद? मग खंडणी कशाला म्हणायचं? शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का ‘साहेबांच्या कपाटात’ होता. ह्यांनी चुपचाप अर्जाचा फोटो काढला. तेवढीच पोच.

पर्यटकांसाठीच्या खिडकीवर एक छापील फॉर्म मिळाला, त्यात ‘सूचना’ असा रकाना होता, ‘तक्रार’ असा नव्हता. बँकेने आठवडाभर फोन फिरवत ठेवून लेखी कळवलं की व्यवहार पिन टाकून झाला, सबब ग्राहकाच्या संमतीने झाला. बाउन्सरचा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नाही. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर दिलेत, हे ऑनलाइन नाही. म्हणजे मांडवी ओलांडली की हद्द बदलते, पिन टाकला की संमती होते, समोर माणूस असला की सायबर नाही आणि बिल असलं की गुन्हा नाही. यातल्या एकाने तरी त्या जागेच्या दारात जाऊन ‘दरपत्रक कुठे आहे’ एवढं विचारलं असतं, तर मी हे लिहायला बसलेच नसते. वर आम्हालाच उपदेश: “तुम्ही जबाबदार नागरिक, काळजी घ्यायला हवी होती.” घेतली होती हो. कीबोर्डची वायरसुद्धा बघितली होती.

आमच्या लॉजच्या मालकीणबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “थंय कित्याक गेलीं तुमी?” तिथे कशाला गेलात, म्हणाल्या. त्यांनीच सांगितलं, पणजीतल्या फोंतेनासच्या गल्ल्यांत फादो-मांडोच्या छोट्या बैठका होतात, खुर्च्या मोजक्या, आधी फोन करून जागा धरावी लागते आणि तिकिटाचा आकडा फोनवरच सांगतात. कांपालला कला अकादमीच्या दारातला फलक वाचला तरी त्या आठवड्याचं गाणं-नाटक कळतं. मुख्य म्हणजे ज्याच्याकडे खरंच गाणारे आहेत, त्याला रस्त्यावर गिऱ्हाईक धरायला माणूस उभा करावा लागत नाही.

आता करतेय ते एकच. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथे ती दाखल करता येते, गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत. रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि मुदत २ वर्षांची. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवून ठेवा, नंबर मिळतो आणि पुढे कागद म्हणून लागतो. पैसे देणं टळतच नसेल तर रोख देऊ नका. आमच्या ८,००० चा कुठेच माग नाही. उरलेल्या ३५,३२८ चा निदान आहे. आणि अडकलात तर ११२ आतूनच लावा, जिना उतरल्यावर नाही.

आणखी एक, जे आम्हाला वकिलांनी सांगितलं. कार्डाची स्लिप थर्मल कागदाची असते, अक्षरं उडतात. त्याच रात्री तिचा फोटो काढा. आमची चार महिने पाकिटात होती आणि त्या ‘ट्रेडर्स’च्या नावातला पहिला शब्द आता वाचता येत नाही. तो आता बँकेकडून लेखी मागवावा लागतोय, आणि त्या अर्जाचेही ११८ रुपये लावलेत.